वाळीत टाकण्याचा जमाखर्च

संयोजकांनी मला विषय दिला तो 'सामाजिक बहिष्कार आणि मराठी आत्मचरित्रे' असा. विषय एका संध्याकाळच्या व्याख्यानात मावणारा नाही. त्यामुळे मी चार-पाच पुस्तकं घेऊन बसले आहे आणि तेवढ्यापुरतंच बोलणार आहे. माझी तक्रारही आधीच सांगून टाकते. वाळीत टाकण्याच्या हकिगती आपण मराठी वाचकांनी भरपूर वाचल्या, पण त्या एकाच पद्धतीनं वाचल्या. शाळेच्या पुस्तकात एक वाक्य असतं: 'समाजाने त्यांचा छळ केला, पण ते डगमगले नाहीत.' कर्व्यांच्या धड्यात ते असतं, टिळक दांपत्याच्या धड्यात असतं, रानड्यांच्या बाबतीत थोडं अडखळत असतं. या वाक्यात 'समाज' कोण ते कळत नाही, आणि 'ते' म्हणजे नेमका कोण तेही कळत नाही. मला आज त्या दोन शब्दांच्या आत काय आहे ते बघायचं आहे.

आधी शब्दांचं थोडं. वाळीत टाकणं, जातीबाहेर काढणं, पंक्तीतून उठवणं, रोटीबेटी बंद करणं. जुन्या कागदांत 'ग्रामण्य' हा शब्द येतो. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१९ मध्ये ग्रामण्यांचा इतिहास लिहिला तो याच प्रकारच्या भांडणांचा. आणि 'बहिष्कार'. हा शब्द गमतीचा आहे. १८९० च्या आसपास पुण्यात तो ऐकून माणसाच्या पोटात गोळा यायचा. पंधरा वर्षांनी, वंगभंगाच्या चळवळीत, तोच शब्द टिळकांच्या चतुःसूत्रीत जाऊन बसला आणि अभिमानानं मिरवू लागला. आणखी बावीस वर्षांनी, एप्रिल १९२७ मध्ये, बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिलं. तीन पिढ्यांत एका शब्दाची अशी तीन आयुष्यं झाली.

तर पहिली हकिगत कर्व्यांची. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. पहिली पत्नी वारली होती. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या, कर्व्यांच्या मित्राची बहीण. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. कर्व्यांचं गाव दापोलीजवळचं मुरूड. त्या गावासाठी या माणसानं आधी बरंच केलं होतं, 'मुरूड फंड' काढला होता. लग्नाची बातमी गेल्यावर गावानं सभा घेतली आणि ठराव केले.

'आत्मवृत्त' १९१५ चं. त्यात कर्वे हे सगळं अगदी कोरड्या भाषेत सांगतात. गणिताच्या प्राध्यापकानं हिशेबाची वही वाचून दाखवावी तसं. कर्व्यांचं गद्य रूक्ष आहे असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, मला ते पटत नाही. या प्रसंगापुरती तरी ती रूक्षता फार उपयोगाची आहे, कारण तिच्यामुळे यंत्र कसं चालतं ते दिसतं. रडारड असती तर आपण त्यांच्याबरोबर हळहळलो असतो आणि ठराव वाचायचा राहून गेला असता. ठरावाचा रोख बघा. कर्व्यांशी व्यवहार ठेवायचा नाही, हे एक झालं. पण कर्वे पुण्यात. पगार फर्ग्युसनचा. मुरूडच्या लोकांनी त्यांच्याशी व्यवहार तोडला तर त्यांच्या चुलीला काही फरक पडणार नव्हता, हे गावालाही ठाऊक होतं. खरा ठराव पुढचा आहे: घरच्यांनी, म्हणजे आईनं, भावानं, त्यांना घरात घेतलं तर त्यांनाही वाळीत टाकायचं.

इथं थांबू या थोडं. शिक्षा कर्व्यांना आणि पहारेकरी कोण, तर आई. गावाला दारावर कुणी उभं करायची गरजच नाही. मुलगा दारात आला तर त्याला आत घेणं हा आता आईचा गुन्हा. आत नाही घेतलं तर ती गावाचं काम करते, घेतलं तर ती स्वतः बाहेर. तिच्या मायेलाच गावानं आपल्या नोकरीला लावलं. वाळीत टाकण्याची सगळी ताकद या दुसऱ्या कलमात असते असं माझं मत आहे. 'त्याच्याशी बोलू नका' एवढ्यानं काही होत नाही. 'जो बोलेल तोही बाहेर' असं म्हटलं की मग गावातला प्रत्येक जण दुसऱ्यावर नजर ठेवायला लागतो, आणि स्वतःवरही. कुणाला कर्व्यांचा मनापासून राग असेल, कुणाला नसेल. रागाची जरूरच उरत नाही.

म्हणून तो 'समाज' शब्द मला खटकतो. समाज म्हणजे इथं आई, थोरला भाऊ, शेजारची काकू. यांतल्या कितीजणांना पुनर्विवाहाच्या शास्त्रार्थाशी कर्तव्य होतं? प्रत्येकाच्या घरात लग्नाची मुलगी होती, उद्याचं श्राद्ध होतं. भटजी आला नाही तर काय करायचं, हा त्यांचा प्रश्न.

आता आनंदीबाईंचं 'माझे पुराण' घ्या. १९४४ चं पुस्तक. 'आत्मवृत्ता'शेजारी ठेवून वाचायला हवं, आपण वाचत नाही. कर्व्यांना लोकांनी बाहेर काढलं, पण कॉलेजात, सभेत, वर्गणीच्या वहीत त्यांना जागा होती. एक दार बंद झालं तर त्यांनी दुसरं बांधलं. बाईचं जग कुठलं? हळदीकुंकू, सवाष्ण म्हणून बोलावणं, बारसं, डोहाळजेवण, पाणवठा, माहेर. बहिष्कार बरोबर तिथं पडतो. पुनर्विवाहित बाई सवाष्ण धरायची की नाही, या प्रश्नाचं उत्तर दर घरी वेगळं, आणि ते तिला दर वेळी दारात उभं राहून कळायचं. पुरुषाची सभा वर्षातून दोनदा असते, हे तर रोजचं.

आणि पुढे जे झालं ते अधिक बोचणारं आहे. कर्व्यांनी १८९३ मध्ये जी मंडळी काढली तिचं नाव 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी'. दोन वर्षांत नाव बदललं: 'विधवाविवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी'. म्हणजे आम्ही विवाहाला उत्तेजन देत नाही, फक्त अडथळे दूर करतो. एका शब्दाचा फरक, पण त्या शब्दात सगळी पुण्याची हवा आहे. मग १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, पुढे हिंगण्याला गेला. आश्रमात लोकांनी आपल्या विधवा मुली पाठवाव्यात, वर्गणी द्यावी, यासाठी पुनर्विवाहाचं काम त्यातून कटाक्षानं अलग ठेवलं गेलं. परिणाम काय झाला? पुनर्विवाहित बाईचं आश्रमात मोकळं वावरणं अडचणीचं ठरू लागलं. म्हणजे संस्थापकांच्या पत्नीचंच. आनंदीबाईंना नवऱ्याच्या आश्रमापासून लांब राहावं लागलं. मी हे कर्व्यांना दोष द्यायला सांगत नाही. त्या काळी याशिवाय संस्था उभी राहिली नसती, हे मला मान्य आहे. पण बहिष्काराचा परिणाम म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी मुरूडच्या ठरावापेक्षा हे उदाहरण आधी देईन. ज्यांना बाहेर काढलं त्यांनी स्वतःचं घर बांधलं आणि बाहेरच्यांच्या भीतीनं त्या घरातही एक रेघ ओढली. 'डगमगले नाहीत' या वाक्यात ही रेघ मावत नाही. आनंदीबाईंचं पुस्तक मात्र ती दाखवतं, जरा कुरकुरत, जरा हसत.

(सभागृहातून प्रश्न आला म्हणून सांगते: हो, पार्वतीबाई आठवले आनंदीबाईंच्या बहीण. त्या आश्रमात होत्या, आश्रमासाठी फिरल्या. त्या विधवा होत्या, पुनर्विवाहित नव्हत्या. फरक तिथंच आहे.)

पंचहौदाचा चहा सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे पटकन सांगते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसती पुढं ठेवून घेतली. गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी नावं छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी शास्त्राधारानं आपली बाजू लढवली, काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. सुधारक म्हणाले, पुढारीच वाकला. सनातनी म्हणाले, मनापासून घेतलं नाही. आपले टीकाकारही इथं अडखळतात. पण रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' वाचा, १९१० चं पुस्तक. त्यांनाही नवऱ्याचं हे वागणं पटलेलं नव्हतं, आणि तसं त्यांनी लपवलेलंही नाही. त्यातून कळतं ते असं, की रानड्यांना स्वतःला त्या बहिष्काराची झळ नव्हती. हायकोर्टाच्या वाटेवरचा माणूस, त्याचं काय अडणार? अडत होतं त्यांच्याबरोबरच्या साध्या मित्रांचं. म्हाताऱ्या वडिलांचं घरात बोलणं खायचं, बहिणीला माहेरी पाठवत नाहीत, कार्य निघालं तर भटजी नाही, आचारी नाही. त्यांना परत पंक्तीत बसता यावं म्हणून मोठा माणूस पुढं होऊन वाकला. वाकावं की नाही यावर आपण वाद घालू शकतो. पण वाद घालताना ती सासरी अडकलेली बहीण हिशेबात धरली पाहिजे. तत्त्वासाठी ताठ उभं राहण्याचा खर्च बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या नावावर पडलेला असतो.

आता 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांच्या विनोदाबद्दल इतकं बोललं गेलंय की मला त्यात भर घालायची नाही. माझा मुद्दा वेगळा. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं ही बाई कोण होती? तिनं काही केलेलं नाही. ती ब्राह्मणच आहे, सोवळं पाळते. नवरा जिवंत आहे, म्हणून ती विधवा नाही. पण नवरा धर्माबाहेर गेला, म्हणून सवाष्णीच्या पाटावरही तिला कुणी धड बसवत नाही. नातेवाईक दुष्ट नाहीत, सांभाळतात. पण ती घरात आहे याचं सगळ्यांनाच ओझं आहे, आणि ते तिला कळतं. तिचा विनोद मला या जागेवरून ऐकू येतो. ज्याला कुठंच हक्कानं बसता येत नाही त्याला घरातली प्रत्येक हालचाल बारकाईनं बघावी लागते. कोण पाणी देताना हात किती लांब धरतो, कोण कुठलं भांडं पुढं करतो. आपण ज्याला निरीक्षणशक्ती म्हणतो तिची काही पाळंमुळं इथं असावीत.

पुस्तक सुरू होतं ते वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून. हा भाग आपण गमतीचा म्हणून वाचतो आणि पुढं जातो. पण बघा, बाहेरचं सगळं जग विटाळलेलं आहे असं मानणाऱ्या घरात ती मुलगी वाढली. रोज सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं जग वाळीत टाकायचं, हे तिथलं वळण. वाळीत टाकणं हा काही गावसभेत अचानक सुचलेला प्रकार नसतो. त्याचा सराव मोरीत आणि स्वयंपाकघरात चालू असतो. म्हणून लक्ष्मीबाईंचं धर्मांतर मला १९०० च्या बाप्तिस्म्यापेक्षा आधीचं वाटतं. नवऱ्याजवळ राहायला गेल्यावरही काही काळ त्यांचं सोवळं, स्वयंपाक वेगळाच होता. मग हळूहळू त्यांच्या मनातून जात गेली. आणि ती गेल्यावर पुढचा धर्म बदलणं त्यांना तुलनेनं सोपं गेलं.

इथपर्यंतची सगळी माणसं ब्राह्मण. हे मी मुद्दाम मोठ्यानं म्हणते, कारण 'सामाजिक बहिष्कार आणि मराठी आत्मचरित्र' म्हटलं की आपली यादी बऱ्याचदा इथंच संपते. वाळीत टाकायला आधी आत असावं लागतं. जो वेशीच्या आतच कधी नव्हता त्याला बाहेर काय काढणार? पण काढत होते. कसं, ते समजून घ्यायला आत्मचरित्र सोडून एक सरकारी अहवाल वाचावा लागतो. मुंबई सरकारनं १९२८ मध्ये स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, आंबेडकर तिचे सभासद होते, अहवाल १९३० चा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये होऊन गेलेला होता आणि गावोगावी त्याचे पडसाद उमटत होते. समितीनं नोंदवलं ते असं: गावातल्या अस्पृश्यांनी आपला हक्क बजावला, की त्यांच्याकडची खंडानं दिलेली जमीन काढून घेतात, मजुरी बंद करतात, वाणी माल देत नाही, जायची वाट अडवतात. कारण कधी अगदी क्षुल्लक असतं. इथं भटजीचा आणि पंक्तीचा प्रश्नच नाही. इथं संध्याकाळचं पीठ नाही. मुरूडकर कर्व्यांचा पगार थांबवू शकत नव्हते. पण खळ्यावरच्या मजुराचं सगळंच पोट गावाच्या हातात होतं. दोन्हींना आपण 'बहिष्कार' म्हणतो, पण एकात मान जातो, दुसऱ्यात माणूस जगेल की नाही हा प्रश्न असतो.

आंबेडकरांनी ही नोंद उचलली आणि गोलमेज परिषदेपुढच्या मागण्यांत घातली. बहिष्कार हा गुन्हा ठरवा. कलमं कुठली घ्यायची, तर ब्रह्मदेशात १९२२ मध्ये बहिष्कारविरोधी कायदा झाला होता, त्यातली थोड्या फरकानं घ्या. आणि त्या कलमांत काय होतं? बहिष्कार घालणारा तर गुन्हेगार खराच, पण चिथावणारा आणि धमकी देणाराही. म्हणजे मी मघाशी ज्याला दुसरं कलम म्हटलं, 'जो बोलेल तोही बाहेर', त्यावर त्यांनी बरोबर बोट ठेवलं होतं. गेल्या शतकात मराठी माणसानं बहिष्कारावर जे काही लिहिलं त्यात मला हे सर्वांत धारदार वाचन वाटतं, आणि ते एका निवेदनात आहे.

लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' १९८० चं. कैकाडी समाज, गाढवांवर बिऱ्हाड, टोपल्या विणायच्या आणि गावोगाव फिरायचं. गाव यांना वेशीबाहेर ठेवतं, ते एक उपरेपण. पण पुस्तकाचा ताण दुसरीकडे आहे. यांचीही जातपंचायत आहे, पंच आहेत, दंड आहे, आणि जातीबाहेर लग्न केलं की तीही माणसाला बाहेर काढते. ज्यांच्याकडे गावात उभं राहायला जागा नाही त्यांच्याकडेही कुणाला तरी हाकलायला एक 'आत' आहे. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांबद्दल बोलताना आपली समीक्षा पहिल्या अन्यायावर भरभरून लिहिते आणि या दुसऱ्यापाशी आवाज खाली घेते. भीती कळते मला. या पानांचा उपयोग कुणी 'बघा, तेही तसलेच' म्हणायला करेल. पण लेखकानं ती पानं धोका पत्करून लिहिली आहेत. ती वाचताना आपण संकोचलो तर त्याच्या धाडसाला काय अर्थ राहिला? आणि कारणही त्याच पुस्तकात आहे. ज्या माणसांना पोलीस, कचेरी, सावकार कुणीच आपलं मानत नाही त्यांना अडीनडीला जातच असते. लग्न जमवायला, भांडण मिटवायला, मढं उचलायला. आधार एकच असला की तो काढून घेण्याची धमकी फार मोठी होते. कर्व्यांना पुणं होतं. पालावरच्या बापाला दुसरं काय होतं?

आता आजचं. २०१३ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतींच्या विरोधात मोहीम चालवली. रायगड-रत्नागिरीकडून गावकीच्या बातम्या येतच होत्या: कुणी गावकीनं ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध निवडणुकीला उभं राहिलं, कुणी निर्णय मानला नाही, मग घर वाळीत, आणि त्या घराशी बोलेल त्याला दंड. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा एकमतानं मंजूर केला, ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. त्याआधी मुंबई राज्यानं १९४९ मध्ये जातिबहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये रद्द ठरवला. तो निराळा आणि लांबचा वाद आहे, आज नको. गोलमेज परिषदेतल्या मागणीपासून मोजलं तर आपल्या राज्याला पंच्याऐंशी वर्षं लागली एवढं लक्षात घ्या.

या कायद्यातली बहिष्काराच्या प्रकारांची यादी मी एखाद्या वाङ्मयीन संहितेसारखी वाचते. धार्मिक विधीला, लग्नाला, अंत्यविधीला अडवणं, नेहमीचे व्यवहार तोडणं, सार्वजनिक जागा वापरू न देणं. लक्ष्मीबाई, आनंदीबाई आणि स्टार्ट समितीच्या अहवालातला तो मजूर, सगळे त्या यादीत सापडतात. यादी चांगली आहे. अडचण पुराव्याची आहे. मुरूडच्या गावकऱ्यांनी उजळ माथ्यानं सभा घेऊन ठराव केले. आज गावकी कागद करत नाही. कुणी काही बोललेलं नसतं. गिरणीवाला म्हणतो, गिरणी बंद आहे. दुकानदार म्हणतो, माल संपला. मयताला लोक येत नाहीत, प्रत्येकाला काहीतरी काम निघालेलं असतं. खटल्यात साक्ष द्यायची ती यांनीच, आणि यांना उद्या त्याच गावात राहायचं आहे.

म्हणून मी पुन्हा पुस्तकांकडे येते. ज्यांना वाळीत टाकलं त्यांनी मराठीत भरपूर लिहिलं, उत्तम लिहिलं. पण दार लावून घेणाऱ्यानं लिहिलेलं पुस्तक माझ्या वाचनात नाही. मुरूडच्या सभेत हात वर करणारा, पंगतीत पान वेगळं मांडणारी, 'माल संपला' म्हणणारा दुकानदार. त्या रात्री घरी जाऊन तो बायकोशी काय बोलला? त्याला वाईट वाटलं का, की हायसं वाटलं, की काहीच वाटलं नाही? ठराव करणाऱ्या गावांत लिहिता-वाचता येणारी माणसं काही कमी नव्हती. त्यांनी शेतीच्या, वाड्याच्या, यात्रेच्या आठवणी लिहिल्या आहेत. हे प्रकरण मात्र त्या आठवणींतून गळलेलं आहे. इथं बसलेल्यांपैकी कुणाच्या घरी आजोबांच्या वह्या-रोजनिशा असतील तर त्या या नजरेनं एकदा चाळाव्यात, आणि काही सापडलं तर मला जरूर कळवावं.

वेळ झालेली आहे, इथं थांबते. प्रश्न असतील तर घेऊ.